कामांची यादी थेट वॉलपेपरवर, आणि तीही मराठीत

कामांची यादी ठेवायला ढीगभर ॲप आहेत. खरी अडचण यादी नजरेसमोर राहण्याची असते. ॲप उघडावं लागतं, आणि ज्या दिवशी कामांची गर्दी असते नेमक्या त्याच दिवशी ते उघडलं जात नाही. वॉलपेपर उघडावा लागत नाही. संगणक सुरू केला, शेवटची खिडकी मिटली किंवा विंडोज आणि डी ही बटणं एकत्र दाबली की तो समोर असतोच. म्हणून यादीला याहून चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. पण ही सोय टिकाऊ करायची तर थोडी नीट मांडणी लागते. यादी मराठीत असेल तर आणखी चार गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्या इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत.

पहिली गोष्ट अशी की वॉलपेपरवर यादी लिहायची नाही, नुसती दाखवायची. पेंटमध्ये चित्र उघडून त्यावर कामं टाइप करणारे लोक दोन-तीन दिवसांत कंटाळतात, कारण एक काम खोडायचं तरी चित्र पुन्हा रंगवावं लागतं. यादी राहील एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. कामं घालणं, खोडणं, वरखाली करणं सगळं तिथेच. डेस्कटॉपवर दिसतं ते त्या फाइलचं आपोआप तयार होणारं प्रतिबिंब.

फाइलमध्ये एका ओळीत एकच काम. जीना ट्रपानी यांनी २००६ मध्ये सुरू केलेली टूडू-टेक्स्ट ही पद्धत इथे उपयोगी पडते: महत्त्वाच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात इंग्रजी ए, त्याखालोखाल बी, आणि झालेल्या ओळीच्या आधी छोटा एक्स. हे नियम पाळले की फाइल अक्षरक्रमाने लावली तरी कंसातल्या ओळी वर येतात आणि एक्सवाल्या ओळी सहज गाळता येतात. डेस्कटॉपवर मात्र पहिल्या सातच ओळी दाखवा. चाळीस ओळींचा वॉलपेपर दोन दिवसांत भिंतीवरच्या नक्षीसारखा होतो. दिसतो, पण कुणी वाचत नाही.

फाइल जतन करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना, हे बघा. विंडोज १०च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ निवडतं, तेही फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणाऱ्या बॉम या खुणेशिवाय. हे चांगलंच आहे, पण पुढे एका ठिकाणी ते नडतं. ते त्या जागी सांगतो.

विंडोजवर सोपा रस्ता: रेनमीटर

विंडोजसाठी माझी पहिली शिफारस रेनमीटर, म्हणजे डेस्कटॉपवर माहितीचे छोटे फलक दाखवणारं ॲप. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे आणि अक्षरं काढायला विंडोजचीच डायरेक्टराइट ही यंत्रणा वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या बिनचूक येतात. काटेकोरपणे बोलायचं तर हा वॉलपेपर नव्हे, वॉलपेपरवर चिकटवलेला पारदर्शक कागद आहे. वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही.

डॉक्युमेंट्समध्ये रेनमीटर, त्यात स्किन्स हे फोल्डर असतं (रेनमीटरच्या एकेका फलकाला स्किन म्हणतात). वनड्राइव्हचा बॅकअप सुरू असेल तर डॉक्युमेंट्सच वनड्राइव्हच्या आत सरकलेलं असतं. फोल्डर सापडत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. स्किन्समध्ये यादीसाठी नवं फोल्डर करून त्यात एक आयएनआय फाइल, म्हणजे सेटिंग्जची साधी टेक्स्ट फाइल, ठेवायची. तिच्यात तीनच भाग लागतात.

पहिला भाग सर्वसाधारण, त्यात अपडेटची किंमत १००० मिलिसेकंद. दुसरा भाग मोजमापाचा. त्याचा प्रकार वेबपार्सर. नाव वेबचं असलं तरी पत्त्याच्या जागी फाइल हा प्रोटोकॉल आणि पुढे टेक्स्ट फाइलचा पूर्ण मार्ग दिला की तो स्थानिक फाइल वाचतो. रेग-एक्सपच्या, म्हणजे मजकूर शोधण्याच्या नमुन्याच्या, ओळीत सगळा मजकूर एका कप्प्यात पकडायचा: सुरुवातीला एस हा पर्याय चालू करायचा, म्हणजे टिंब ओळ संपली तरी थांबत नाही, आणि मग कंसात टिंब आणि तारका. स्ट्रिंगइंडेक्स १. कोडपेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८. हा आकडा चुकला तर मराठीऐवजी टोपी आणि रेघा असलेली युरोपीय अक्षरं ओळीने उभी राहतात.

याच भागात अपडेटरेट हाही एक आकडा असतो, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात. तो सेकंदांत नसतो, तो गुणक असतो. मूळ किंमत ६००. अपडेट १००० मिलिसेकंद असेल तर फाइल ६०० सेकंदांनी, म्हणजे दहा मिनिटांनी एकदा वाचली जाते. काम खोडलं तरी डेस्कटॉपवर ते तसंच दिसतं आणि आपण काहीतरी बिघडलं म्हणून शोधत बसतो. ३० ठेवा. अर्ध्या मिनिटाने एक छोटी फाइल वाचायला संगणकाला काहीच पडत नाही.

तिसरा भाग दाखवण्याचा, प्रकार स्ट्रिंग. फॉन्ट निर्मला यूआय, आकार १६ ते १८, अँटीएलियस (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणं) १, रुंदी ठरावीक आणि क्लिपस्ट्रिंग २, म्हणजे लांब ओळ कापली न जाता खालच्या ओळीवर येते. मंगल हा जुना फॉन्ट लिहू नका. विंडोज १०पासून तो पूरक फॉन्टांच्या संचात गेलाय, त्यामुळे नव्या मशीनवर तो असेलच असं नाही. डाव्या क्लिकवर टेक्स्ट फाइल उघडेल अशी ओळही जोडून टाका. फक्त एक लक्षात ठेवा, पूर्ण पारदर्शक जागेवर रेनमीटरला क्लिक कळतच नाही. अक्षरांच्या मधल्या रिकाम्या जागेतून क्लिक खाली निसटतं. पार्श्वभूमीचा रंग काळा आणि अपारदर्शकता २५५पैकी निदान १ ठेवली की पूर्ण चौकट क्लिक घेते.

आयएनआय फाइलमध्येच मराठी शीर्षक लिहायचं असेल, उदाहरणार्थ ‘आजची कामं’, तर ती फाइल यूटीएफ-१६ एलई एन्कोडिंगमध्ये जतन करावी लागते. यादी यूटीएफ-८मध्ये आणि स्किन यूटीएफ-१६मध्ये, हे विचित्र वाटतं, पण नियम तसाच आहे. शेवटी स्किनवर उजवं क्लिक करून पोझिशन ‘ऑन डेस्कटॉप’ निवडा. हे केलं नाही तर विंडोज-डी दाबताच खिडक्यांबरोबर यादीही नाहीशी होऊ शकते. ओढून हलवण्याची परवानगी बंद करा, नाहीतर यादी दर आठवड्याला थोडी सरकलेली सापडेल.

खरोखरचं चित्रच हवं असेल तर

काही कार्यालयांत सतत चालणारा नवा प्रोग्राम ठेवायला मनाई असते. तिथे चित्र तयार करून तेच वॉलपेपर म्हणून लावणं बरं. इंग्रजी यादीसाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं बीजीइन्फो हा सगळ्यात झटपट उपाय. कस्टममध्ये नवं फील्ड करायचं, प्रकार म्हणून फाइलमधला मजकूर निवडायचा, जागा ठरवायची, बस. ते वॉलपेपर रंगवतं आणि बंद होतं, स्मृतीत बसून राहत नाही. आज्ञेत टायमर शून्य दिला नाही तर दर वेळी खिडकी दहा सेकंद उघडी राहते, एवढं ध्यानात ठेवा.

मराठीसाठी मी पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-भाषेतली छोटी स्क्रिप्ट सुचवेन. काम सरळ आहे: फाइल वाचा, मूळ चित्र उघडा, सिस्टिम-ड्रॉइंगच्या ड्रॉस्ट्रिंगने चौकटीत मजकूर काढा, पीएनजी म्हणून जतन करा आणि विंडोजच्या सिस्टिम-पॅरामीटर्स-इन्फो या फंक्शनला आज्ञा क्रमांक २०, फाइलचा पूर्ण मार्ग आणि शेवटी ३ देऊन वॉलपेपर बदला. ड्रॉस्ट्रिंग जोडाक्षरं नीट जुळवतं. चुका होतात त्या पुढच्या जागी.

बॉमशिवायची फाइल इथे नडते. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ अशा फाइलला जुन्या एन्कोडिंगमधली समजतं आणि सगळ्या मराठीचा चुथडा करतं. फाइल वाचणाऱ्या गेट-कंटेंट या आज्ञेला एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगावंच लागतं. स्क्रिप्टमध्येच मराठी शब्द असतील तर स्क्रिप्ट फाइल मात्र बॉमसह जतन करायची.

मूळ चित्र आणि तयार होणारं चित्र यांची नावं वेगळी ठेवा. फाइल उघडी असताना तिच्यावरच जतन करू गेलात तर जीडीआय प्लस ही विंडोजची चित्र काढणारी यंत्रणा एक मोघम त्रुटी दाखवते, ज्यावरून काहीच उमगत नाही. शिवाय नाव एकच असेल तर कालच्या यादीवर आजची यादी रंगवली जाते.

स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं दाखवण्याचं प्रमाण) १५० टक्के असलेल्या लॅपटॉपवर पडद्याचा आकार चुकतो. १९२० गुणिले १०८० चा पडदा स्क्रिप्टला १२८० गुणिले ७२० म्हणून कळतो, चित्र त्या मापाचं होतं, विंडोज ते ताणतं आणि अक्षरं पुसट दिसतात. आकार व्हिडिओ कंट्रोलरकडून विचारून घ्या किंवा सरळ आकड्यांत लिहा. फॉन्टचा आकारही पॉइंटमध्ये न देता पिक्सेलमध्ये द्या; १०८० उंचीच्या पडद्यावर २६ ते २८ पिक्सेल वाचायला पुरतात.

जेपीजी नको. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून आवळतं, आणि ठळक आडव्या रेघेभोवती त्याचा कचरा लगेच दिसतो. देवनागरीत तर प्रत्येक शब्दाला शिरोरेघ! त्यात विंडोज वॉलपेपरची जेपीजी स्वतःकडे ठेवताना आणखी एकदा आवळतं. पीएनजीची अक्षरं धारदार राहतात.

स्क्रिप्ट आपोआप चालवायला टास्क शेड्युलर आहे. लॉग-ऑन झाल्यावर, संगणक अनलॉक झाल्यावर आणि दर १५ मिनिटांनी, असे तीन ट्रिगर द्या. ‘वापरकर्ता लॉग-ऑन असतानाच चालवा’ हा पर्याय निवडलेला असायला हवा. दुसरा पर्याय निवडलात तर स्क्रिप्ट न दिसणाऱ्या वेगळ्या सत्रात चालते, यशस्वी झाल्याची नोंद करते आणि समोरचा वॉलपेपर जागचा हलत नाही. मग कंडिशन्समध्ये जा. तिथे ‘वीजजोडणी असेल तरच सुरू करा’ ही खूण मुळातच केलेली असते. लॅपटॉप चार्जरवरून काढला की यादी गोठते, आणि घरी नीट चालणारी गोष्ट बाहेर का चालत नाही हे उमजत नाही. ती खूण काढा.

वॉलपेपर बदलूनही पुन्हा जुनाच येत असेल तर पर्सनलायझेशनमध्ये स्लाइडशो किंवा स्पॉटलाइट सुरू आहे का ते पाहा. तिथे ‘पिक्चर’ हवं. कार्यालयाच्या मशीनवर वॉलपेपर धोरणानेच बांधलेला असेल तर त्याच्याशी झटापट करू नका, रेनमीटरची परवानगी मागा.

लिनक्सवर: कॉन्की का नको

लिनक्सवर हा विषय निघाला की पहिलं नाव कॉन्की या डेस्कटॉपवर माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामचं येतं, आणि इंग्रजी यादीसाठी ते योग्यच आहे. एक्झेक-आय या आज्ञेला ६० हा आकडा आणि फाइल दाखवण्याची आज्ञा दिली की मिनिटागणिक यादी ताजी होते. खिडकीच्या सूचनांमध्ये बिलो आणि स्टिकी घातलं की ती खाली आणि सगळ्या वर्कस्पेसवर राहते.

मराठीत दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली सुटण्यासारखी आहे. कॉन्की एका आज्ञेचं उत्तर मुळात २५६ बाइटपर्यंतच घेतं. इंग्रजीत ती २५६ अक्षरं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं. ‘वीजबिल भरणे’ एवढ्याला दहा चिन्हं आणि एक मोकळी जागा मिळून ३१ बाइट लागतात, ओळ संपल्याची खूण धरून ३२. अशा आठ ओळींत २५६ भरले. पुढची यादी गायब, कुठलीही सूचना नाही. टेक्स्ट-बफर-साइज ४०९६ केलं की हा प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट सुटत नाही. एक्स-११ या लिनक्सच्या पडदा-यंत्रणेवर कॉन्की अक्षरं एक्सएफटी या लायब्ररीकडून काढून घेतं, आणि एक्सएफटी चिन्हं एकामागून एक ठेवत जातं. ती एकमेकांत गुंफणं त्याला येत नाही. त्यामुळे ‘दुरुस्ती’चं ‘दुरुस्‌ती’ होतं, पाय मोडलेला स मधेच उभा राहतो. ‘किराणा’तली वेलांटी क च्या आधी न येता नंतर येते आणि पुढच्या र वर कलते. फॉन्ट बदलून काही होत नाही, कारण दोष फॉन्टमध्ये नाहीच. मराठी मजकूर असा मोडका दिसत असताना ‘समजतंय ना, मग चालेल’ म्हणणं मला पटत नाही. रोज दिवसभर समोर राहणारी अक्षरं धडधाकट असायला हवीत.

म्हणून लिनक्सवर चित्राचा रस्ता. इमेजमॅजिक या आज्ञांनी चित्रं घडवणाऱ्या साधनात पँगो नावाची सोय आहे. ती हार्फबझ या लायब्ररीकडून अक्षरं गुंफून घेते आणि देवनागरी बरोबर काढते. आधी इमेजमॅजिकची आवृत्ती छापणारी आज्ञा चालवा आणि डेलिगेट्सच्या (जोडलेल्या लायब्ररींच्या) ओळीत पँगोकैरो आहे ना ते बघा. नेहमीचे लेबल, कॅप्शन आणि ॲनोटेट हे पर्याय त्याच ओळीत रॅक्म हे नाव असेल तरच मराठी नीट काढतात. नसेल तर कॉन्कीसारखीच मोडतोड.

कृती अशी: मूळ चित्र घ्या, पारदर्शक पार्श्वभूमीवर ६०० पिक्सेल रुंदीत पँगोने यादी काढा, ग्रॅव्हिटी ईशान्य, म्हणजे वरचा उजवा कोपरा, कडेपासून ६० पिक्सेल आत, आणि दोन्ही एकत्र करून पीएनजी जतन करा. सातव्या आवृत्तीत आज्ञेचं नाव मॅजिक, सहाव्यात कन्व्हर्ट. फाइलचं नाव ॲट चिन्हासह दिल्यावर परवानगी नाकारली जात असेल तर इमेजमॅजिकच्या सुरक्षा धोरणाने ते चिन्ह रोखलेलं असतं. धोरणाची फाइल बदलत बसण्यापेक्षा मजकूर शेलमधूनच आज्ञेत भरा. पँगो मजकुराला मार्कअप, म्हणजे मांडणीच्या खुणा घातलेला मजकूर, समजतं, म्हणून यादीत ‘दूध & दही’ असा अँपरसँड किंवा लहान कोन असला की चित्रच बनत नाही. ही चिन्हं आधी बदलून घ्या.

मार्कअपचा एक सुंदर फायदा मात्र घ्यावाच. पूर्ण मजकुराभोवती स्पॅन लावून त्यात भाषा मराठी अशी नोंद केली की नोटो सान्स देवनागरीसारखे फॉन्ट मराठी वळणाचे ल आणि श वापरतात. एवढ्याशा बदलाने यादी एकदम घरची वाटते.

जीनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपवर वॉलपेपर जी-सेटिंग्जच्या पिक्चर-यूआरआय या किल्लीने बदलतो. २०२२ मध्ये आलेल्या जीनोम ४२पासून डार्क पद्धतीसाठी वेगळी किल्ली आहे. डार्क वापरत असाल आणि पहिलीच बदलली असेल तर काहीच घडत नाही, दोन्ही बदला. काही डेस्कटॉप चित्राचं नाव तेच राहिलं तर नवं चित्र उचलत नाहीत. दोन नावं आलटून पालटून वापरली की हा घोळ राहत नाही.

क्रॉन या ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून जी-सेटिंग्ज चालवलं तर ते सहसा आपल्या डेस्कटॉपच्या डी-बसपर्यंत, म्हणजे प्रोग्रामांमधल्या निरोपमार्गापर्यंत, पोचत नाही, आणि चूकही आपल्यासमोर येत नाही. त्यापेक्षा सिस्टिमडी या लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची वापरकर्ता पातळीवरची पाथ फाइल वापरा. तिच्यात पाथचेंज्ड म्हणून यादीची फाइल द्यायची. फाइल जतन केली की त्याच क्षणी चित्र बदलतं, दर मिनिटाला उगाच काही चालत नाही. चित्रावर तारीख छापत असाल तर रोज मध्यरात्रीचा एक टायमर जोडा आणि त्यात पर्सिस्टंट चालू ठेवा, म्हणजे रात्री बंद असलेला संगणक सकाळी सुरू होताच तारीख बदलेल.

मॅकवर २०२३ च्या सोनोमापासून रिमाइंडर्सचं विजेट थेट डेस्कटॉपवर ठेवता येतं आणि तिथल्या तिथे खूणही करता येते. बहुतेकांना तेवढं पुरतं. टेक्स्ट फाइलच दाखवायची असेल तर उबरझिश्ट घ्या. ते वेब पानासारखं काढतं, त्यामुळे मराठी अक्षरांची काळजी नाही.

मांडणी

विंडोजवर आयकॉन डावीकडे असतात, म्हणून यादी उजवीकडे. मॅकवर उलट. विंडोज ११ चा टास्कबार १०० टक्के स्केलिंगवर ४८ पिक्सेल खातो. तेवढी जागा खाली सोडा. देवनागरीत वर रफार आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी हवं. इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. फोटोवर यादी हवी असेल तर मागे ५० ते ६० टक्के अपारदर्शक काळी पट्टी घाला आणि फॉन्ट मीडियम जाडीचा घ्या. बारीक फॉन्टची शिरोरेघ उजळ आकाशावर विरघळते आणि उरतात लोंबते काने.

स्क्रीन शेअर करताना हा वॉलपेपर सगळ्यांना दिसतो, हे विसरू नका. यादीत ग्राहकांची नावं, रकमा, फोन नंबर, खाते क्रमांक लिहू नका. ‘पाटलांचे ८०,००० बाकी’ऐवजी ‘बाकीचा फोन’ पुरे. बैठकीत पूर्ण पडदा न दाखवता एकच खिडकी दाखवायची सवय लावा. रेनमीटरच्या ४.५ आवृत्तीपासून गेम मोड आहे. त्याच्या प्रोसेस यादीत झूम किंवा टीम्सचं नाव घातलं की तो प्रोग्राम सुरू असेपर्यंत सगळ्या स्किन उतरवल्या जातात. चित्राच्या पद्धतीत मूळ, यादी नसलेला वॉलपेपर लावणारी दुसरी स्क्रिप्ट करून तिला एक शॉर्टकट द्या. आणि चित्रं साठणाऱ्या फोल्डरमध्ये जुन्या याद्यांची चित्रं राहू देऊ नका, विशेषतः संगणक दुसऱ्याच्या हाती द्यायचा असेल तेव्हा.